मोठ्या चाकानं मोजलेली पाणंद

कारखान्याचा भोंगा सुरू झाला की आमच्याकडची हवा गोड होते. ही गोडी चांगली असते असं कुणी समजू नये. मळीचा, करपलेल्या काकवीचा, जळक्या पाचटाचा असा तो वास. घशाच्या मागं चिकटून बसतो आणि होळीपर्यंत उतरत नाही. परवा सकाळी दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर गाणी वाजवत घरापुढून गेला. मागं चार-पाच ऊस सांडले, त्यातला एक शेजाऱ्यांच्या म्हशीनं पळवला. हंगाम आला. आता रानं मोकळी होणार.

ऊस उभा असतो तोवर आमच्या गावाला क्षितिज नसतं. रहिमतपूर मागं टाकून आमच्याकडं वळलं की दोन्ही बाजूंना हिरव्या भिंती, मध्ये वाट, वर आभाळाची पट्टी. मग तोड येते, कोयते चालतात, आणि एका दिवसात एक भिंत पडते. काल जिथं काही नव्हतं तिथं आज लांबवरची डोंगराची रांग दिसते, कुणाची तरी विहीर दिसते, एक बाभळ दिसते. लोकांना हे मोकळं वाटतं. मला उघड्यावर पडल्यासारखं वाटतं. कारण ऊस पडला की बांध दिसतात, आणि बांध दिसले की मला मेजर आठवतात.

सरळच सांगते. दोन हंगामांपूर्वी मी एका माणसाचं नाव खराब केलं. पत्रक छापून, गावभर वाटून, अभिमानानं. तो माणूस त्या पूर्ण पाणंदीतला एकमेव सरळ माणूस होता, आणि माझा एकुलता एक सोबतीही. हे लिहून त्याचं नाव धुऊन निघेल असं मला वाटत नाही. पण हंगामाचा वास यायला लागला की दुसरं काही सुचतही नाही.

शहरातल्या वाचकासाठी सांगायला हवं, पाणंद म्हणजे शेताशेतांमधून जाणारी जुनी गाडीवाट. कुणाच्या मालकीची नसते, म्हणून सगळ्यांची असते, आणि म्हणूनच सगळे ती खातात. एकदम नाही. नांगरताना दर साली एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, जास्त. फाळ बांधाला जरा घासून न्यायचा, चार बोटं माती आपल्या रानात ओढायची. बांध कोरणे म्हणतात याला, आणि आमच्याकडं हे पाप धरत नाहीत, कसब धरतात. बापानं चार बोटं कोरली, लेकानं चार बोटं कोरली. बैलगाडी जायची तिथं आता म्हैस अंग चोरून जाते. पलीकडच्या मळ्यात सात घरं आहेत. तिथली बाळंतीण खाटेवर घालून बाहेर काढली आहे, मी स्वतः खाटेचा एक खूर धरला होता. त्या दिवशी पत्रक लिहायला घेतलं. मथळा होता, ‘पाणंद कुणाच्या बापाची?’ आईनं तो वाचला आणि म्हणाली, “आधी तुझ्या बापाला तरी इचारायचंस.”

त्या पाणंदीतच मेजर भेटले. सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, पण आमच्याकडं पलटणीतून आलेला प्रत्येकजण मेजर असतो. जावयाची जुनी माउंटन बाईक त्यांच्याकडं आलेली, सव्वीस इंची चाकांची. गुडघ्यासाठी डॉक्टरनं सायकल चालवा म्हटलं, तर हा माणूस डांबरी सोडून पाणंदीत घुसला. माझी एकोणतीस इंची. मी मागून सुसाट आले, ते कडेला उतरून उभे राहिले, आणि ओरडले, “ए पोरी, ट्रॅक्टरला हॉर्न बसवून घे!”

“तुमची खेळण्यातली हाय का, मेजर?” मी म्हटलं.

“खेळणं न्हवं, सर्व्हिस रायफल हाय ही. ये, लाव शर्यत.”

लावली. सपाटीला मी हरवलं. चढाला मी हरवलं. मारुतीच्या देवळामागं पाणंद चार वेळा वळते, तिथं ते माशासारखे निसटून पुढं गेले आणि पारावर बसून मला येताना बघत राहिले. “आलीस व्हय?” म्हणाले. “मला वाटलं ट्रॅक्टर वळवायला चार गडी लागत्यात.”

चाकाच्या आकारानं एवढा काय फरक पडतो असं बसमधून जाणाऱ्यांना वाटतं. पडतो. दगड तोच असतो, पण मोठं चाक त्याला वरून तिरकं भिडतं आणि चढून जातं. छोटं चाक समोरासमोर धडकतं. खळग्यात छोटं चाक पूर्ण उतरतं, तळ बघून वर येतं. मोठं चाक खळग्याच्या दोन्ही काठांवर टेकत पुढं निघून जातं, खाली काय होतं ते त्याला कळतही नाही. एकोणतीसची सुरुवात आळशी असते, पहिल्या चार पायडलांना मांड्या भरतात. पण एकदा लागली की ढेकळं, मुरूम, पाचटाचा थर, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, सगळं एकसारखं होऊन जातं. तुम्ही सायकलीवर नाही, सायकलीत बसलेले असता. आणि खालची जमीन म्हणजे लांबून ऐकू येणारी बातमी असते.

सव्वीसवर तसं नाही. सव्वीसवर तुम्ही वर बसता आणि जमीन तुमच्याशी थेट बोलते, शिव्यांसकट. खडा आला, खडा. मूळ आलं, मूळ. मनगटं, कोपरं, दात, सगळ्यांना वेगळी वर्दी. चाकोरीत अडकली की उचलून काढावी लागते. पण कंबर हलवली की वळते. नुसतं बघितलं त्या बाजूला तरी वळते.

मी ही एकोणतीस सांगलीत घेतली. एका गृहस्थांनी वजन कमी करायला आणली होती, ती बाल्कनीत टॉवेल वाळत घालायच्या कामी लागली होती. ती नीट करून विकणारा दुकानदार पोटतिडकीनं समजावत होता, “ताई, तुमची उंची बघा आणि चाक बघा. वळताना बूट चाकाला लागणार तुमचा. सव्वीस तर आता कुणी काढत नाही. साडेसत्तावीस घ्या, मधलं. दोन्हीकडचं सुख.”

“दोन्हीकडच्यांशी माझं जमत नाही,” मी म्हटलं.

त्यानं माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या पत्रकांकडं बघितलं. “मग एकोणतीसच घ्या,” म्हणाला. “ते कुणाचं ऐकत नाही.”

मला ते कौतुक वाटलं. तेव्हा मला बहुतेक गोष्टी कौतुकच वाटायच्या. भिंतीभिंतीवर त्या सायकलींच्या जाहिराती असतात, ढगातल्या कड्यावर उभा एक दाढीवाला, खाली लिहिलेलं की स्वातंत्र्य अनुभवा. आमच्याकडं डोंगर आहे, सायकल आहे, मांड्या आहेत. फक्त वाट नाही, ती शेजाऱ्यानं खाल्ली. याची जाहिरात कोण करणार? मी करणार, असं मी ठरवलेलं.

तो हंगाम आम्ही दोघांनी सायकलवर काढला. सकाळी सातला धुकं अजून उसात अडकलेलं असायचं. पाचटावरून चाक गेलं की कुरकुर व्हायची. माझ्या चाकाखाली एकसुरी, त्यांच्याखाली तुटक. वाढ्यांचा, म्हणजे तोडलेल्या शेंड्यांचा, ओला वास, तोडकऱ्यांच्या कोपींमधून चुलीचा धूर, कुठंतरी रेडिओ. मेजर पुढं. त्यांची पाठ ताठ, खडबडीतही ताठ. ते फारसं बोलायचे नाहीत. मी बोलायची. तलाठी, सरपंच, भावकी, देश. मध्येच ते हात वर करून थांबवायचे आणि पुढच्या चाकाकडं बघायचे.

“हितं गेल्या साली वाट रुंद हुती.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“चाकानं सांगितलं. माती बघ की. कोरल्याली माती मऊ असती.”

मला नाही कळायचं. माझं चाक तिथून केव्हाच पुढं गेलेलं असायचं.

गावात माझ्याशी मोकळं बोलणारी माणसं तेव्हाही मोजकी होती. पत्रकं वाटणाऱ्या मुलीला चहा देतात, जवळ बसवत नाहीत. बरोबरीच्या मुली लग्न होऊन गेल्या, मुलं माझ्या सायकलीकडं बघून शिट्ट्या मारून थकली. संध्याकाळी फोन हातात घेतला तर करायला कुणी नसायचं. याचं मला तेव्हा वाईट वाटत नव्हतं. सत्याच्या बाजूला गर्दी नसतेच असं मी पत्रकात लिहायची. खरी गोष्ट अशी, की सातला पाणंदीत एक माणूस वाट बघत उभा असायचा, म्हणून मला ते वाक्य परवडत होतं.

पाणंद मोजायचे दिवस थोडे. ऊस तुटल्यावर बांध उघडा पडतो, आणि मागं उरलेली खोडं मोडून नांगर लागला की पुन्हा सगळं सरकतं. त्या मधल्या आठवड्यांत मोजलं तर मोजलं. सरकारी मोजणीची वाट बघत बसलो तर मळ्यातल्या पोरांच्या पोरी बाळंत होतील. मी टेप आणली. टेपला दोन टोकं असतात. दुसरं टोक धरायला गावात एकही माणूस मिळाला नाही. का मिळेल? ज्याच्या बांधावर तुम्ही टेप धरलीत त्याच्या मयतीला जाईपर्यंत तो तुमच्याशी बोलत नाही.

“मी धरतो की,” मेजर म्हणाले.

“तुमचं रान पाणंदीला लागून हाय. लोक म्हणतील, मेजरनं आपल्या सोयीनं धरली.”

ते हसले. “मग माझं चाक घे. चाक कुणाच्या भावकीतलं न्हाई.”

पद्धत त्यांचीच. पुढच्या चाकाच्या एका स्पोकला लाल दोरा. मारुतीच्या देवळापाशी पाणंदीच्या दोन्ही कडांना हद्दीचे जुने दगड अजून जागेवर आहेत, त्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. त्या दगडापासून या दगडापर्यंत त्यांची सायकल हातानं ढकलत नेली: एक पूर्ण फेरा आणि वर अठ्ठावीस स्पोक. ही पाणंदीची पूर्ण रुंदी. आता प्रत्येक रानापुढं, समोरच्या न हलणाऱ्या दगडी बांधापासून रानाच्या बांधापर्यंत चाक फिरवायचं. अठ्ठावीस भरले तर माणूस सरळ. कमी भरले तर तेवढी जमीन त्यानं गिळली. एकटीनं करता येतं. कुणाची मिनतवारी नाही. मी खूश होते.

आठ दिवस मी त्यांची सायकल घेऊन हिंडले. कुणाकडं वीस भरले, कुणाकडं चौदा, एका पुढाऱ्याच्या रानापुढं तर फेराही पुरा झाला नाही. मी वहीत लिहायची, ते वही बघायचे नाहीत. “तुझं तू,” म्हणायचे.

शेवटची चार रानं राहिली होती. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिनाची ग्रामसभा. मेजर डोळे दाखवायला सांगलीला लेकीकडं गेलेले, सायकल माझ्या परड्यात, आणि सकाळी बघते तर तिचा पुढचा टायर बाभळीचा काटा लागून बसलेला. सव्वीसची ट्यूब जवळ नव्हती. छापखान्यात दुपारपर्यंत मजकूर द्यायचा होता. दोरा सोडला, माझ्या सायकलीच्या स्पोकला बांधला, आणि निघाले. तिच्याही चाकात बत्तीसच स्पोक होते. चाक ते चाक. माझ्या डोक्यात फेरे होते, इंच नव्हते.

चारातलं शेवटचं रान मेजरांचं. एक फेरा आणि बावीस स्पोक. मी परत मोजलं. बावीस. सहा कमी, म्हणजे जवळजवळ एक हात जमीन.

त्या बांधावर मी किती वेळ बसले ते आठवत नाही. ऊन चढत होतं, रानात बगळे चालत होते. आधी मला वाईट वाटलं. मग, खोटं कशाला बोलू, मला चेव आला. आता कुणाची हिंमत आहे मला पक्षपाती म्हणायची? आपल्या माणसालाही सोडलं नाही! फोन करून विचारावं असं एकदा वाटलं. पण विचारणं म्हणजे सवलत देणं, असं माझं तत्त्व होतं. मोठ्या चाकावर बसलेल्या माणसाला तत्त्वं फार असतात. मी गट क्रमांक लिहिला, पुढं पूर्ण नाव लिहिलं, आणि पुढं लिहिलं: एक हात.

झेंडावंदनाला मेजर सकाळच्या एसटीनं परत आले, इस्त्रीचा सदरा, छातीवर पदकं. पत्रक त्यांना कुणीतरी शाळेच्या फाटकातच दिलं. त्यांनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. मग माझ्याकडं बघितलं, माझ्याकडं म्हणजे भिंतीला टेकवलेल्या माझ्या सायकलीकडं. पुढच्या चाकाला दोरा तसाच होता.

ग्रामसभेत तो फेराही न भरणारा पुढारी पत्रक फडकवत उठला. एवढा आनंदी मी त्याला आधी कधी बघितला नव्हता. “आवं, मेजरनंबी खाल्लीच की! देशाची हद्द राखून आला आणि घरची हद्द कोरली!”

सभा हसली. दुसरा म्हणाला, “मग पाणंद कुणी खाल्ली न्हाई त्येचं नाव सांगा. त्येलाच हार घालू.” पुन्हा हशा. मला राग आला. मी उभी राहून म्हटलं, मेजरांना बोलू द्या. मला वाटलं, ते कबूल करतील, जमीन सोडतो म्हणतील, आणि एकाच्या मागून सगळे सोडतील. पत्रकातला शेवटचा परिच्छेद मी तसाच लिहिला होता.

मेजर उठले. “पोरीनं मोजलंय,” म्हणाले. “मेहनत लय केलीया. आकडे बरोबरच असतील. माझ्यापास्नं सुरुवात करा.” आणि बसले.

कुणी सुरुवात केली नाही. सगळेच चोर म्हटल्यावर चोरी राहतच नाही, गावाची रीत होते. विषय पुढच्या सभेवर ढकलला आणि जिलेबी वाटली. बाहेर दोघातिघांनी माझी पाठ थोपटली: “वाघीण हाईस. मेजरलाबी सोडलं न्हाईस.” मी मान वर करून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सातला पाणंदीत कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी मेजर माझ्या परड्यात येऊन गेले, मी बाहेर असताना. काटा काढून, ट्यूब घालून, सायकल भिंतीला उभी केली होती. आईला सांगून गेले, “पोरीलाच राहू द्या. हवा बघत जा म्हणावं, छोट्या चाकाला लागती.” आठवड्याभरात ते सांगलीला लेकीकडं कायमचे गेले. रान वाट्यानं दिलं.

मी ते बक्षीस समजले. खरंच समजले. मनात म्हटलं, चूक मान्य करण्याची ही जुन्या माणसांची तऱ्हा. महिनाभर मी ती सव्वीस चालवली, आणि पहिल्यांदा पाणंद मला अंगात कळली: कुठं मुरूम, कुठं मऊ, कुठं गेल्या सालच्या चिखलाचे घट्ट खूर. मी एकटीच हसायची. वळणावर कंबर हलवायची आणि म्हणायची, “बघा मेजर.” पुढं पाठ नसायची.

चैत्रात शेजारच्या गावानं पाणंद मोजायला बोलावलं. तिथंही हद्दीचे दगड होते. त्या दिवशी दोन्ही सायकली बरोबर होत्या, एक मी आणली, एक तिथल्या कार्यकर्त्यानं चालवत आणली. दगडापासून दगडापर्यंत त्यानं सव्वीस नेली, आणि खात्रीसाठी मी एकोणतीस नेली. दोन्ही आकडे वेगळे आले. तो म्हणाला, “अर्थातच की ताई, चाक मोठं आहे ना. फेरे कमीच भरणार.”

अर्थातच. पाचवीतल्या पोराला कळतं ते. तिथं चार दगडी पायऱ्या होत्या, त्यांवर मी बसले. पाणी प्या म्हणाले, प्यायले. मग ऊन टळायच्या आत परत आले आणि मारुतीच्या देवळापाशी माझं मोठं चाक त्या दोन दगडांमधून फिरवलं, ज्यांच्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. एक फेरा आणि बावीस स्पोक.

मेजरांच्या बांधाचा आकडा. तोच. मोठ्या चाकाला पूर्ण रुंदीच बावीस होती. त्यांनी एक बोटही कोरलं नव्हतं. अख्ख्या पाणंदीत फक्त त्यांनी; त्या दिवशीची बाकीची तीन रानं मोठ्या चाकालाही बाविसाच्या खालीच होती.

सांगलीला गेले तेव्हा हळदीचा सौदा सुरू होता. रिक्षांच्या टपावर, झाडांच्या पानांवर, माणसांच्या भुवयांवर पिवळी धूळ. लेकीच्या फ्लॅटमध्ये मेजर गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले, खाली दुचाक्यांचा कालवा. त्यांनी मला बघून “ये” म्हटलं, जसं काही सात वाजलेत.

मी सगळं एका दमात सांगितलं. ते ऐकत राहिले.

“तवाच दिसलं हुतं,” म्हणाले. “दोरा तुझ्या चाकाला हुता.”

“मग बोलला का न्हाई?”

“बोललो असतो तर काय झालं असतं? एक आकडा खोटा निघाला की समदी वही खोटी. त्यो पुढारी तर हातात घेऊन नाचला असता. म्हटलं, एक नाव गेलं तर जाऊ दे, वाट तरी निघंल.”

“वाटबी निघाली न्हाई.”

“न्हाई निघाली.” त्यांनी चष्मा पुसला. “तीस वरीस नोकरीत हुतो. दर पत्रात भावाला लिवायचो, बांधाला फाळ लावू नको. भाऊ हसायचा. म्हणायचा, हा हिमालयात बसून बांध राखतोय.” मग तो डोळ्यांवर चढवून, “फोन करायचास गं. निदान फोन.”



मी दुरुस्तीचं पत्रक छापलं. मोठ्या अक्षरात: मेजरांनी पाणंदीची एक बोटही जागा घेतलेली नाही, चूक माझी आहे. घरोघर दिलं. पहिलं पत्रक लोकांनी उभ्यानं वाचून पाठ केलं होतं; हे घडी करून दारामागं खोचलं. “बरं झालं सांगितलंस,” म्हणाले. एक म्हातारी म्हणाली, “मेजरनं जीव लावला हुता तुला, म्हणून झाकतीयास व्हय?” पत्रकं लिहायला मी शिकले होते. खरं कसं पसरवायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मला फक्त राग पसरवता येत होता.

मग मेजरांच्या रानात आडसाली, म्हणजे दीड वर्ष उभा राहणारा, ऊस लागला. मधला हंगाम तो उभाच होता, भिंत जागची हलली नाही, आणि मलाही तेच बरं वाटलं. मेजर महिन्यातून एकदा फोन करतात. पाऊस, गुडघा, आईची तब्येत. गावाला या म्हटलं की म्हणतात, “बघू.” गावात आलेला माणूस पाणंदीतून एकदा तरी जाणार, आणि जाणाऱ्याकडं बघून कुणीतरी एक तरी हसणार. ते त्यांना नको आहे. मलाही नको आहे. म्हणून मी सातला एकटीच जाते, कधी छोटी, कधी मोठी. सोबत असताना वाट नुसती असते; एकटं असलं की तिची रुंदी कळते.

परवा ट्रॅक्टर गेला, आणि आज सकाळी मेजरांच्या रानाची तोड झाली.

लांबूनच कळलं. मी सव्वीसवर होते. पुढचं चाक एकाएकी मऊ मातीत गेलं, जिथं ऊस वाटेवर ओणवा असल्यानं ते आजवर गेलंच नव्हतं. उतरले. बांध आत सरकलेला होता. पाणंदीत. फाळाचा वण उसाच्या पाल्याआड अजून त्याच्या कडेला टिकून होता.

वाट्यानं करणारा माणूस वाढ्यांची पेंढी बांधत होता. मी विचारलं. तो ओशाळलाही नाही.

“आवं ताई, तुमीच तर छापलं हुतं की, एक हात खाल्लाय म्हणून. म्हटलं, मालकाचं नाव झालंच हाय, मग रान कशाला सोडायचं? नांगरताना घेतलं तेवढंच.”

“मी दुसरं पत्रकबी काढलं होतं. चूक झाली म्हणून.”

“व्हय का?” तो म्हणाला. “ते न्हाई वाचलं.”

तो पेंढी डोक्यावर घेऊन गेला. मी मातीत गुडघे टेकून कोपरापासून बोटापर्यंत मोजलं. एक हात. मी लिहिलं होतं तेवढंच, अगदी अचूक.

मेजरांना मी तिथूनच फोन लावला. या वेळी लावला. मागं सांगलीचा रस्ता वाजत होता, कुणीतरी हॉर्नवर हात ठेवून बसलं होतं. “ऊस गेला का?” त्यांनीच विचारलं.

“गेला. मेजर, बांध कोरलाय. वाटेकऱ्यानं.”



“किती?”

“एक हात.”

 मी बोलत सुटले: वाटेकऱ्याला नोटीस देऊ, मी गावाला सांगते, यंदा पुन्हा सगळी मोजणी करणार आहे, मळ्यातली माणसं तयार आहेत, पण सातबारा तुमच्या नावावर आहे, पत्रकात त्या गटापुढं तुमचंच नाव येणार, मी नाही घालणार, ती ओळ मी गाळते.

“गाळू नकोस,” मेजर म्हणाले.

“आवं पण…”

“लिव,” ते म्हणाले. “यंदा खरं हाय.”